कोरी ताटली

आल्याला कंदकूज लागली की पहिले चार दिवस माणूस स्वतःची समजूत घालत राहतो. खालचं पान शेंड्याकडून पिवळं पडतं, तेव्हा वाटतं नत्र कमी पडलं असेल. मग दोन-तीन पानं पिवळी होतात, तेव्हा वाटतं पाणी जास्त झालं. पुढं एके दिवशी खोड धरून नुसतं वर उचललं की ते कंदापासून सुटून अलगद हातात येतं. खाली बोट घातलं तर कंद मऊ लागतो, आणि अशी घाण सुटते की हात दोनदा धुतले तरी जेवताना वास येतो. आमच्या सातारा भागात आल्याचा भाव गाडीवर ठरतो. एक गाडी म्हणजे ५०० किलो. वैशाखात एकराला दोन गाड्या बेणं जमिनीत पुरायचं, शेणखत, ठिबक, मजुरी सगळा पैसा आधी घालायचा, आणि आषाढ-श्रावणात हे असं. चांगल्या भावाच्या वर्षीच नेमकी कूज येते असं लोक म्हणतात. ते काही खरं नाही. भाव पडलेल्या वर्षी आली तर कोणी मोजत बसत नाही, एवढंच.

त्या वर्षी आमच्या खालच्या अंगाच्या वाफ्यांत कूज शिरली. गावात प्रत्येकाकडं एक औषध होतं. कोणी मोरचूद-चुना सांगत होतं, कोणी कार्बेन्डाझिमची आळवणी, कोणी दशपर्णी, कोणी ताकात हिंग. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा त्याच साली एका कंपनीचा माल विकायला लागला होता. हिरव्या टोपणाची बाटली, वर पानांचं चित्र, ‘शंभर टक्के वनस्पतीजन्य बुरशीनाशक अर्क’. लिटरला नऊशे रुपये. आमच्या वाडीतल्या बारा-पंधरा घरांनी ती घेतली होती. आम्हीही घेतली. सख्खा भाचा दारात मोटारसायकल लावून ‘मामा’ म्हणून हाक मारतो, तेव्हा बाटलीच्या मागचं बारीक छापलेलं कोण वाचतं?

थोरल्या भावाची मुलगी तेव्हा साताऱ्याला एम.एस्सी.ला होती, सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन. शेवटच्या वर्षाला तिला एक प्रकल्प करायचा होता : औषधी वनस्पतींच्या अर्कांची बुरशीवर चाचणी. बुरशी कॉलेजात बाटलीत ठेवलेली असते, तिच्यावर करा, असं मास्तरांचं म्हणणं. ही म्हणाली, बुरशी आमच्या रानातच आहे, ती का नको? आणि एका रविवारी ब्लेड आणि पिशव्या घेऊन वाफ्यात येऊन बसली.

मी तिला पार लिबलिबीत झालेला एक कंद काढून दिला. तिनं तो बाजूला ठेवला आणि अर्धा चांगला, अर्धा नासलेला असा शोधायला लागली.

“आगं, पार कुजलेला घे की. त्यात जास्त आसंल.”

“नाही तात्या. पार कुजलेल्यात पहिला चोर कधीच निघून गेलेला असतो आणि मागनं आलेले दहा जण बसलेले असतात. मूळचा चोर शिवेवर सापडतो.”

चांगल्या आणि कुजलेल्या भागाच्या शिवेवरचे तुकडे तिनं कापून नेले. नंतर मी बाजाराच्या दिवशी साताऱ्याला गेलो की तिच्या प्रयोगशाळेत डोकवायचो. कधी निर्गुडीचा पाला पोचवायचा असायचा, कधी करंजाच्या बिया. तिथला शिपाई मला ‘पाल्यावाले काका’ म्हणायचा.

प्रयोगशाळा म्हटल्यावर मला वाटलं होतं काहीतरी फार अवघड असेल. निघालं स्वयंपाकघरच. बुरशी वाढवायची तर तिला खायला लागतं. ते कसं करतात? २०० ग्रॅम बटाटे सोलून उकडायचे, त्याचं पाणी गाळून घ्यायचं, त्यात २० ग्रॅम ग्लुकोजची साखर आणि अगार नावाची पांढरी भुकटी घालायची आणि एक लिटर करायचं. मग ते मोठ्या कुकरात शिजवायचं, १२१ अंशांवर पंधरा-वीस मिनिटं, म्हणजे त्यात दुसरं काही जिवंत राहत नाही. कोमट झालं की काचेच्या झाकणाच्या ताटल्यांत ओतायचं. थापलेल्या खरवसासारखं घट्ट होतं. पोरं तिला प्लेट म्हणतात, मी ताटलीच म्हणतो.

ही अगारची भुकटी समुद्रातल्या शेवाळापासून करतात. ती प्रयोगशाळेत आली एका बाईच्या स्वयंपाकघरातून. जर्मनीत रॉबर्ट कॉख या मोठ्या शास्त्रज्ञाकडं वॉल्थर हेस नावाचे एक डॉक्टर काम करायचे. ते जिलेटिनवर जंतू वाढवायचे आणि उन्हाळ्यात ते वितळून जायचं. त्यांची बायको फॅनी हेस. तिची फळांची जेली मात्र उकाड्यातही घट्ट राहायची. कारण ती अगार घालायची, आणि हे तिला जावा बेटावर राहून आलेल्या ओळखीच्या लोकांकडून कळलेलं. १८८१ च्या सुमाराची ही गोष्ट. झाकणाची ताटली पेट्री नावाच्या माणसानं काढली, ती अजून त्याच्या नावानं ओळखली जाते. अगारला त्या बाईचं नाव कोणी दिलं नाही. पुतणीनं हे सांगितलं तेव्हा आमच्या वहिनी शेजारीच बसल्या होत्या. “त्यात काय नवीन?” म्हणाल्या.

आमच्या शिवेवरच्या तुकड्यांतून जे उगवलं ते पिथियम निघालं. ताटलीच्या मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढी टिकली ठेवली की दोन दिवसांत कापसासारखी पांढरी जाळी कडेपर्यंत पोचायची. ताटली ९० मिलिमीटरची. इतक्या वेगानं तर हरळीही धावत नाही. पण खरी गोष्ट पुढंच होती. हे पिथियम दिसायला बुरशी, वागायला बुरशी, शेतकरी-दुकानदार सगळे बुरशीच म्हणतात, पण जातीनं ते खऱ्या बुरशीतलं नव्हे. त्याचं गोत्र शेवाळाच्या जवळचं. त्यामुळं खऱ्या बुरशीवर चालणारी काही औषधं त्याला लागतच नाहीत. कार्बेन्डाझिम त्यातलंच. आमची निम्मी वाडी दोन पावसाळे कार्बेन्डाझिम ओतत होती. पिथियमला त्याचं काही नव्हतं.

आता अर्क. पाला सावलीत वाळवायचा, दळायचा आणि निम्मा पाण्यात, निम्मा अल्कोहोलमध्ये काढायचा. कारण काही गुण पाण्यात उतरतात, काही उतरत नाहीत. अल्कोहोलसाठी सॉक्सलेट नावाचं काचेचं यंत्र असतं, खाली तापतं, वर थंड होतं आणि तोच द्रव पुन्हा पुन्हा पाल्यातून झिरपत राहतो. मग तो अर्क बटाट्याच्या पेजेत मिसळून ताटली करायची, मधोमध पिथियमची टिकली ठेवायची आणि रोज पट्टीनं मोजायचं. एका अर्काच्या तीन ताटल्या, म्हणजे एखादी चुकून वेगळी वागली तर कळावं.

पण या सगळ्यांच्या आधी ती आणखी ताटल्या मांडायची, त्यांचं मला पहिल्यांदा नवल वाटलं. एक नुसती, तिच्यात काहीच नाही. एक नुसत्या अल्कोहोलची, पाला नसलेली. आणि एक मेटालॅक्झिलची, म्हणजे पिथियमवर चालतं हे आधीच माहीत असलेल्या औषधाची. म्हणजे आपला अर्क नुसतं काही न करण्यापेक्षा बरा आहे का, आणि माहीत असलेल्या औषधाच्या जवळ तरी जातो का, दोन्ही कळतं. अल्कोहोल स्वतःच बुरशीला मारतं. त्याची वेगळी ताटली नसेल तर श्रेय निर्गुडीला जायचं. ती या बिनऔषधाच्या ताटलीला कंट्रोल म्हणायची. मी कोरी म्हणायला लागलो आणि मग तीही घरात बोलताना कोरीच म्हणायची.

शेतकऱ्याच्या रानात कोरी ओळ कधी नसते. कीड दिसली की आपण सगळ्या रानावर मारतो. कमी झाली तर औषधाचा गुण, नाही झाली तर औषध उशिरा मारलं. ऊन पडलं म्हणून कूज थांबली असेल, पण त्या दिवशी ज्यानं बाटली दिली त्याचा धंदा वाढतो. मी चाळीस वर्षं शेती केली, त्यात कोरी ओळ कोणी ठेवलेली पाहिली नव्हती. ठेवणार कशी? ओळ म्हणजे पैसे.

ताटल्यांचं काय झालं ते थोडक्यात सांगतो. कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी जवळजवळ कोऱ्या ताटलीसारखंच. अल्कोहोलमधला कडुनिंब थोडा बरा. घाणेरी, निर्गुडी मधल्या. लवंगेनं मात्र वाढ पार थांबवली. पण लवंग एकराला ओतायची तर आलं विकून लवंगा घ्याव्या लागतील. माझ्या पिंपातली दशपर्णी ती हौसेनं घेऊन गेली होती. तिच्या ताटलीत पिथियम राहिलं बाजूला, पिंपातलेच दुसरे जंतू रंगीबेरंगी उगवले. “तात्या, तुमचं औषध नाही हे, गाव आहे,” म्हणाली. गाळून, निर्जंतुक करून पाहिलं तेव्हा फारसा गुण दिसला नाही. दशपर्णी मी अजून करतो, पण किडीसाठी.

लसणाचं जरा वेगळं झालं. पहिल्या खेपेला तिनं इतर पाल्यांसारखाच लसूणही उकळून काढा केला. काही नाही. मग कच्चा ठेचून, थंड पाण्यात गाळून, पेज कोमट झाल्यावर मिसळला, तर टिकली जागची हलली नाही. लसणाचा जो झोंबरा गुण आहे तो अख्ख्या पाकळीत नसतोच. पाकळी ठेचली की आतले दोन पदार्थ एकत्र येतात आणि तो तयार होतो. आधीच उकळलं तर तयार होत नाही. त्याला ॲलिसिन म्हणतात. घरात चटणी ठेचताना डोळ्याला झोंबतं, शिजलेल्या लसणानं झोंबत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण लसूण-मिरचीचं पाणी उकळून मारणारे आमच्याकडं कितीतरी आहेत.

मला वाटलं, सापडलं औषध. तिनं त्या न हललेल्या टिकल्या उचलल्या आणि बिनलसणाच्या नव्या ताटल्यांत ठेवल्या. पातळ लसणातल्या टिकल्या दोन दिवसांत पुन्हा धावायला लागल्या. मेल्या नव्हत्या, दबून बसल्या होत्या. शंभर भागाला दहा भाग लसूण घातलेल्या ताटलीतल्या तेवढ्या मेल्या.

“मग दहा टक्के घालू,” मी म्हणालो.

तिनं वहीत हिशेब मांडला. एका एकरातली वरची वीतभर माती साधारण नऊ लाख किलो भरते. तिच्या दहा टक्के म्हणजे नव्वद हजार किलो लसूण. आमच्या भाषेत १८० गाड्या. तेही ॲलिसिन मातीत टिकत नाही हे सोडून. आम्ही दोघंही हसलो, पण मला त्या दिवशी कळलं की ‘अमुक वनस्पतीनं बुरशी मरते’ या वाक्यात किती आणि कुठं हे दोन शब्द गाळलेले असतात.

राहिली हिरव्या टोपणाची बाटली. ती तपासायची असं काही आमच्यात ठरलं नव्हतं. ती तिथं होती, ताटल्या होत्या. बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घातली, तेव्हा पिथियम कोऱ्या ताटलीबरोबर, त्याच दिवशी कडेला पोचलं. दहापट घातली तेव्हा थोडं मंदावलं. तिनं तीन वेळा करून पाहिलं, कारण विकणारा तिचा आतेभाऊ होता.

भाचा जेवायला आला तेव्हा तिनं मोबाईलमध्ये काढलेले फोटो त्याच्यापुढं ठेवले. कोरी, मेटालॅक्झिल, बाटली, सगळ्या शेजारी शेजारी. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “मामा, मी कुणाला फसवायला नाय निघालो. ट्रेनिंगला आम्हाला जे सांगितलं तेच मी सांगतो.” ते खरंच होतं. त्यानं कर्ज काढून खोकी भरली होती, खोलीत रचून ठेवली होती. पुतणी म्हणाली, “दादा, ही फक्त एक बुरशी आहे. दुसऱ्या कशावर चालत असेल तर मला माहीत नाही.” तिनं हे त्याला बरं वाटावं म्हणून सांगितलं नव्हतं, तेवढंच तिला माहीत होतं. पण बहिणीला हे पोचलं ते वेगळंच पोचलं : शिकलेल्या पोरीनं माझ्या मुलाचा धंदा बसवला. त्या वर्षी भाऊबीजेला ती आली नाही.

आमची आत्या, ऐंशी पार केलेली, तिला या ताटल्यांचा वेगळाच राग होता. तिच्या हातचा टाकळ्याचा लेप नायट्याला प्रसिद्ध होता. टाकळ्याचं बी लिंबाच्या रसात वाटायचं आणि लावायचं. संस्कृतात टाकळ्याला दद्रुघ्नच म्हणतात, नायटा मारणारा. ती म्हणायची, “आमच्या आज्जीपासनं ठावं हाय. त्याला ह्या ताटल्या कशाला?”

पुतणीनं तिला कडुनिंबाच्या खटल्याची गोष्ट सांगितली. ती मला अर्धवट माहीत होती, तेव्हा नीट कळली. १९९४ साली युरोपच्या पेटंट कार्यालयानं डब्ल्यू. आर. ग्रेस ही अमेरिकी कंपनी आणि अमेरिकेचं शेतीखातं यांना एक पेटंट दिलं : कडुनिंबाच्या तेलानं झाडावरची बुरशी आटोक्यात आणण्याची पद्धत. म्हणजे आपल्या लिंबोळीवर त्यांचा हक्क. वंदना शिवा आणि युरोपातल्या काही मंडळींनी त्याला हरकत घेतली. पण म्युनिकच्या त्या कार्यालयासमोर ‘आमच्या आजीपासून माहीत आहे’ एवढं पुरेना. तिथं उपयोगी पडले ते अभय फडके. त्यांनी शपथेवर सांगितलं की १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या रानात लिंबोळीच्या अर्काच्या चाचण्या झाल्या होत्या. म्हणजे पेटंटच्या कितीतरी आधी. २००० सालच्या मे महिन्यात पेटंट रद्द झालं, कंपनीनं अपील केलं, तेही २००५ च्या मार्चमध्ये फेटाळलं गेलं. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातल्या कुणा शेतकऱ्याचं रान थेट जर्मनीत उपयोगी पडलं, आणि त्या रानमालकाला ते कळलं तरी असेल का, कोण जाणे.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. “मग माझ्या टाकळ्याची पण मांड ताटली,” म्हणाली. पुतणीनं टाकळ्याची ताटली पिथियमवर मांडली होती, तिथं गुण नव्हता. पण नायट्याची बुरशी वेगळी आणि ताटली म्हणजे कातडी नव्हे, असं तिनं आत्याला समजावलं. आणि आत्याकडं येणाऱ्यांपैकी दुकानातलं स्टिरॉइडचं मलम चोळून नायटा अंगभर पसरवून घेतलेल्या दोघांना तिनं थेट कातडीच्या डॉक्टरकडं धाडलं. आत्याला ते फारसं आवडलं नाही.

पुढच्या वर्षी मी बारा गादीवाफे चाचणीला काढले. तीन लसणाच्या पाण्यात बेणं बुडवून, तीन बाटलीच्या आळवणीचे, तीन मेटालॅक्झिलचे आणि तीन कोरे. कुठल्या वाफ्याला काय हे मी ठरवायचं नाही, चिठ्ठ्या काढायच्या, अशी पुतणीची अट. मी विचारलं का, तर म्हणाली, तुम्ही नकळत कोरे वाफे खालच्या अंगाला टाकाल. ते बरोबर होतं. माझ्या डोळ्यापुढं तेच वाफे होते. दर आठवड्याला गेलेले ठोंब मोजून वहीत लिहायचे.

श्रावण संपेपर्यंत वही बोलायला लागली. लसणाचे वाफे उगवणीला चांगले होते, पण पाऊस लागल्यावर त्यांच्यात आणि कोऱ्यांत फरक राहिला नाही. बाटलीचे कोऱ्यांसारखेच. मेटालॅक्झिलमध्ये ठोंब कमी गेले. पण सगळ्यात मोठा फरक औषधाचा नव्हताच. वरच्या अंगाला जे वाफे आले, त्यांतले कोरेसुद्धा खालच्या अंगाच्या औषधाच्या वाफ्यांपेक्षा बरे निघाले. खाली पाणी तुंबत होतं. चिठ्ठ्या टाकल्या नसत्या तर हे दिसलंच नसतं. औषधाच्या नावावर गेलं असतं. दिवाळीनंतर जेसीबी बोलावून खालच्या बांधाला चर मारला. त्याचा खर्च दहा-बारा बाटल्यांएवढा आला.

भाच्यानं उरलेली खोकी कमी भावात काढली आणि आता तो ठिबकच्या फिटिंगची कामं करतो. बहीण येते-जाते, पण पुतणी घरी असली की लवकर निघते.

यंदा अक्षय्य तृतीयेनंतर लागण केली तेव्हा ठिबक जोडायला भाचाच होता. वाफे तयार झाल्यावर त्यानंच खिशातली पावती फाडून बारा चिठ्ठ्या केल्या आणि माझ्या टोपीत टाकल्या. कोरे दोनच ठेवले. पाचवा आला आणि अकरावा. पाचवा वरच्या अंगाचा, अकरावा चराजवळचा. दोन्हीला काठीवर पांढरी चिंधी बांधली आहे. रस्त्यानं जाणारे विचारतात, हे दोन उपाशी का ठेवलेत? पाऊस अजून लागायचा आहे.